शिरेतून माशाचं तेल

आज सांगलीत वॉर्डात एका माळकरी आजींनी विचारलं, "बाळाला माशाचं तेल? सोयाबीनचं चालत नाही का?" प्रश्न रास्त आहे. पण शिरेतून द्यायच्या सोयाच्या पांढऱ्या बाटलीतही अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड, म्हणजे एक स्निग्ध पदार्थ, असतंच. त्याशिवाय तेल पाण्यात मिसळून राहत नाही.

खरी अडचण यकृताची. आतडं कापावं लागलेल्या बाळाला आठवडेच्या आठवडे शिरेतून पोषण दिलं, की पित्त तुंबतं. सोया तेलातले फायटोस्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ) त्यात भर घालतात. डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्त तुंबल्यावर रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, डेसिलिटरला २ मिलिग्रॅमच्या वर जाऊन टिकलं, की तेल बदलायचा विचार करायचा. निव्वळ माशाच्या तेलाला अमेरिकेत या काविळीसाठी २०१८ साली मंजुरी मिळाली, तीही फक्त मुलांसाठी.

डोस किलोमागे रोज १ ग्रॅम. इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, १० टक्के; म्हणून १ ग्रॅमला १० मिली. २.४ किलोच्या बाळाला २४ मिली, पंपावर ताशी १ मिली. फिल्टर १.२ मायक्रॉनचाच हवा; ०.२ चा लावला की तो तुंबतो आणि पंप रात्रभर बोंबलतो. बाटलीत तेलाचे थेंब वेगळे दिसले तर कितीही महाग असली तरी फेकायची.

सगळ्यात जास्त चुकतं ते उष्मांकांचं. सोयाच्या किलोमागे २-३ ग्रॅमवरून माशाच्या तेलाच्या थेट १ वर आलो, की ग्लुकोज वाढवावं लागतं, नाहीतर वजन अडतं. ट्रायग्लिसराइडवरही, म्हणजे रक्तातल्या चरबीवरही, लक्ष हवं.

बिलिरुबिन उतरायला आठवडे लागतात. ते उतरलं तरी यकृतातला फायब्रोसिस (व्रणासारखा घट्टपणा) राहू शकतो, म्हणून तपासण्या थांबवू नयेत. आणि हो, कॉडलिव्हरच्या गोळ्या फोडून पाजणं हा याला पर्याय नाही.