नोकोगिरियामा आणि दक्षिणेचा वारा

टोकियो उपसागर ओलांडून बोसो द्वीपकल्पावर जायचे चार मार्ग आहेत, आणि त्यातले तीन एकाच वाऱ्याने बंद पडतात. कुरिहामाहून कानायाला जाणारी फेरी, अ‍ॅक्वालाईन या उपसागरावरच्या महामार्गाच्या पुलावरून जाणारी बस आणि किनाऱ्यालगतची केइयो ही रेल्वे लाईन. चौथा मार्ग म्हणजे चिबा शहराकडून आतून जाणारी सोबू लाईन. तो लांबचा आहे, पण वाऱ्यात सहसा टिकतो. मार्चमध्ये साठीपुढच्या बारा जणांना घेऊन गाईड म्हणून बोसोवरच्या नोकोगिरियामा डोंगरावर गेलो, त्या दिवशी हा हिशोब अक्षरशः कामी आला.

अंदाज असा होता की सकाळी शांत, दुपारनंतर नैर्ऋत्येचा जोरदार वारा. वसंताच्या तोंडावर इथे असं नेहमीच होतं. म्हणून जाताना फेरी आणि येताना रेल्वे असं आदल्या रात्रीच ठरवलं, आणि फेरीचं तिकीट एकेरी काढलं. टोकियोतल्या शिनागावाहून केइक्यू रेल्वे लाईनने कुरिहामा सुमारे तासाभरात येतं. तिथून दहा मिनिटं बस, मग चाळीस मिनिटं फेरी. 1853 मध्ये अमेरिकन आरमाराचा कमोडोर पेरी उतरला तो हाच कुरिहामाचा किनारा, हे सांगायला फेरीचा वेळ पुरतो. फुजी बघायचा असेल तर सकाळचीच फेरी धरा. दुपार झाली की हवेत धूसरपणा येतो आणि लोक गाईडकडे रागाने बघतात.

जेवणाची तयारी निघायच्या आधीच करावी लागते. कानाया बंदरात आजी नावाच्या माशाचा तळलेला तुकडा उत्तम मिळतो, पण शाकाहारी माणसाला तिथे भाताशिवाय फारसं काही नाही, कारण सूपमध्येही माशाचा अर्क असतो. ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, स्टेशनवरूनच घ्यायचे आणि कोंबूच्या (समुद्री शेवाळाच्या), अगदी उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीचंही लेबल वाचायचं. त्यातही बोनिटो माशाचा अर्क निघतो. ठेपले असतील तर प्रश्नच मिटला. फक्त ते किनाऱ्यावर उघड्यावर काढू नयेत, घारी हातातून नेतात.

डोंगर अवघा 329 मीटरचा. रोपवे चार मिनिटांत वर सोडतो. तिथून निहोन-जी मंदिराचं पश्चिम दार जवळ आहे, प्रवेश 700 येन. मंदिराची स्थापना 725 सालची, पण बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक दगडखाणीने आणि नंतरच्या कोरीवकामाने घडवलेलं. इथला बोशू दगड एडो काळापासून (1603–1868) 1985 पर्यंत काढला जात होता. तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, मऊ आणि उष्णता सहन करणारा. म्हणून योकोहामाच्या बंदरापासून घरातल्या चुलीपर्यंत सगळीकडे गेला. खाणीच्या उभ्या कापलेल्या भिंतीत तीस मीटर उंच कन्नोन, म्हणजे करुणेची बोधिसत्त्व, कोरली आहे. तिचं काम 1960 ते 1966 या काळातलं.

ग्रुपमधले एक निवृत्त पीडब्ल्यूडी इंजिनिअर काका तिथेच थांबले. "अहो, हा दगड एवढा सरळ कापला कसा? आपल्या काळ्या पाषाणाला हे जमणार नाही." मी त्यांना भिंतीजवळ नेऊन खुणा दाखवल्या. तिरक्या, आखूड, थोड्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे हाताने चालवलेली टिकाव. समांतर आणि एकसारख्या रेघा नंतरच्या साखळी-करवतीच्या. वर हातकाम आणि खाली यंत्र असा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो, कारण खाण वरून खाली उतरत जाते. कापलेला दगड खाली न्यायचं काम मात्र बायकांकडे होतं. एक दगड साधारण 80 किलोचा, गाड्यावर तीन दगड, आणि दिवसाकाठी तीन खेपा. काकू मंडळींनी यावर जे भाष्य केलं ते इथे लिहीत नाही.

'जिगोकू नोझोकी', म्हणजे 'नरकात डोकावणं', हा दरीवर पुढे आलेला कडा. तिथे रांग लागते, एकेकालाच सोडावं. तिथून खाली उतरताना वाटेत अर्हतांच्या 1,553 मूर्ती लागतात. 1779 पासून एकवीस वर्षं ओनो जिंगोरो आणि त्याच्या सत्तावीस शिष्यांनी त्या घडवल्या. अनेकांच्या मानेवर सिमेंटची पांढुरकी रेघ दिसते. 1868 नंतर, मेइजी काळाच्या सुरुवातीला, बौद्धविरोधी लाटेत त्यांची मुंडकी उडवली गेली होती. काही परत बसवली, काही अजून नाहीत. लोक इथून भराभर पुढे जातात, आणि मला नेहमी वाईट वाटतं.

त्यांच्याही खाली महाबुद्धाची मूर्ती आहे. मूळ 1783 चा, पण मऊ दगड झिजल्याने 1969 मध्ये नव्याने दुरुस्त झालेला. उंची 31.05 मीटर, म्हणजे नारा शहरातल्या प्रसिद्ध बुद्धाहून बरीच जास्त. बसून ओनिगिरी खाईपर्यंत झाडांचे शेंडे हलायला लागले होते. रोपवेच्या ऑफिसला फोन केला. बंद. फेरीही थांबली होती.

इथे बहुतेक ग्रुप फसतात. महाबुद्धापासून रोपवेकडे परतायचं म्हणजे सगळ्या पायऱ्या पुन्हा चढायच्या, आणि वर पोचल्यावर रोपवे बंद असेल तर कानायाकडे जंगलातून खाली उतरायचं. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपत नाही. म्हणून रोपवे चालू असला तरी मी परत वर जात नाही. वाट खालीच सोडायची, मुख्य मंदिर आणि निओमोन दारावरून 'होता' नावाच्या स्टेशनकडे. हळू चालणाऱ्यांना तासभर लागतो, पण सगळा उतार आहे. काठी द्यावी, आणि पावसानंतर शेवाळलेल्या पायऱ्यांवर आडवं पाऊल टाकायला सांगावं. एका काकूंचा गुडघा आधीच बोलत होता. त्यांच्यासाठी महाबुद्धाजवळच्या पार्किंगला टॅक्सी बोलावली. ती पाऊण तासाने आली. या भागात टॅक्सी रस्त्यावर मिळत नाही, त्यामुळे गरज भासेल असं वाटलं की लगेच फोन करायचा.

'होता' हे गाव उकियो-ए (जुन्या जपानी लाकडी ठशांची चित्रं) चित्रकार हिशिकावा मोरोनोबूचं जन्मगाव. त्याचं संग्रहालयही इथे आहे, पण त्या दिवशी वेळ नव्हता. इथून जाणाऱ्या उचिबो रेल्वे लाईनवर तासाला जेमतेम एक गाडी, दोन डब्यांची, आणि दार बटण दाबून उघडायचं. बारा जण एकाच दाराशी उभे राहिले तर निम्मे मागे राहतात, म्हणून सहा-सहाचे दोन गट केले. गाडी वाऱ्यामुळे वीस मिनिटं उशिरा आली, पण आली. किसाराझूला गाडी बदलून पुढे निघालो तेव्हा केइयो लाईन थांबल्याची सूचना डब्यातल्या पडद्यावर झळकत होती. केइयो लाईन जिथून सुटते त्या सोगा स्टेशनला उतरून तिची वाट बघणाऱ्यांना बाजूला टाकून आम्ही तसेच चिबापर्यंत गेलो आणि सोबू लाईनची जलद गाडी, म्हणजे सोबू रॅपिड पकडली. चिबा स्टेशनवर आधी सगळ्यांना स्वच्छतागृहाकडे पाठवलं, मग माणसं मोजली, आणि संध्याकाळच्या गर्दीत बसायला जागा मिळावी म्हणून तिथूनच सुटणाऱ्या गाडीसाठी थांबलो.