आईचा पहिला पासपोर्ट

आज आईला घेऊन पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात गेलो होतो, वय ६८ आणि पहिलाच पासपोर्ट, बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात, भांडी घासून घासून रेषाच गेल्यात म्हणते. बाकड्यावर बसल्या बसल्या ज्ञानेश्वर मुळे आठवले. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे, १९८३ ला फॉरेन सर्व्हिसमध्ये गेले, टोकियो, मॉस्को, दमास्कस, मालदीव, न्यूयॉर्क करत शेवटी दिल्लीत परराष्ट्र खात्यात सेक्रेटरी, आणि २०१७ पासून हे पोस्टात पासपोर्ट सुरू झालं ना, ते त्यांच्याच काळातलं. दर तीनेक वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं, पोरांच्या शाळेचं काय होत असेल देव जाणे! आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढं फिरले, पण जेवणाचं काय करत असतील रे?" चौथ्यांदा अंगठा लागला एकदाचा.