आपलं पत्र पावलं

या पत्रांत फारसं काही नसतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ‘आपलं पत्र पावलं. विषयात लक्ष घालतो.’ खाली सही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी पुढाऱ्यांची पत्रं जमवायला लागल्यापासून हाच मजकूर मी नाना रूपांत वाचतो आहे आणि अजून कंटाळलेलो नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या वाटेला मी सहसा जात नाही, तो श्रीमंतांचा खेळ. मला परवडतात ते एक-दोनदा निवडून येऊन विस्मरणात गेलेले खासदार. पण रस त्यांच्याच पत्रांत जास्त. कुणाला गावचा पोस्टमास्तर व्हायचंय, यादवी युद्धात लढलेल्या कुणा म्हाताऱ्याचं पेन्शन अडलंय, आणि कुणाला बियाणं हवंय. हो, बियाणं! त्या काळी अमेरिकी सरकार भाजीपाल्याच्या आणि फुलांच्या बियांची पाकिटं खासदारांमार्फत लोकांना फुकट वाटायचं. कृषिमंत्रीच ‘आता हे पुरे’ म्हणत होते, तरी १९२०च्या दशकापर्यंत ते चालूच राहिलं. मतदाराच्या परसात आपल्या कृपेचा मुळा उगवतोय, ही संधी कोण सोडेल?

वर टपालखर्चही नाही. पाकिटावर तिकिटाच्या जागी खासदाराची सही असली की पत्र चाललं. नवखा संग्राहक नेमका त्या सहीवर भाळतो. ती बहुतेकदा छापलेली असते.

आतल्या सहीचीही खात्री नसते. रबरी शिक्का असेल तर भिंगाखाली कळतो. शाई सगळीकडे सारखी बसलेली, पेनाचा दाब कुठेच नाही. खरी पंचाईत सचिवांची. साहेबाचं नाव वर्षानुवर्षं गिरवून त्यांचा हात इतका बसलेला असतो, की तारखा लावून सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. कधी इतिहासच मदतीला येतो. ऑक्टोबर १९१९मध्ये तेव्हाचा अध्यक्ष वुड्रो विल्सन याला पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि त्यानंतर त्याची सही कापरी झाली. त्या हिवाळ्यातल्या पत्राखाली ठणठणीत सही दिसली, तर पैसे खिशातच ठेवावेत.

थिओडोर रूझवेल्टची गोष्ट निराळी. त्यानं आयुष्यात सुमारे दीड लाख पत्रं लिहिली असावीत, असा अंदाज आहे. अध्यक्ष झाल्या झाल्या, १९०१मध्ये, त्यानं सरकारी कागदांवरचं ‘एक्झिक्युटिव्ह मॅन्शन’ काढून तिथे ‘व्हाइट हाउस’ आणलं. टाइप होऊन आलेल्या पत्रात पेनानं शब्द घुसडायची त्याला भारी खोड. अशा पत्रांना संग्राहक जास्त पैसे मोजतात आणि मला ते अगदी पटतं. सही करणं हे त्याचं कामच होतं. ओळीच्या डोक्यावर बसवलेला तो शब्द मात्र राहवलं नाही म्हणून आलेला आहे. (राहवलं नाही याचं टोक म्हणजे पुढे अध्यक्ष झालेला वॉरन हार्डिंग. सिनेटर असताना मित्राच्या बायकोला त्यानं लिहिलेली प्रेमपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१४मध्ये खुली केली. त्यातली काही चक्क सिनेटच्या कागदावर!)

मला स्वतःला ज्या पत्राचं सर्वांत जास्त कुतूहल आहे, त्यावर कुठल्याच अध्यक्षाची सही नाही. जानेवारी १९१९मध्ये लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. पॅरिसला शांतता परिषद भरत होती आणि विल्सनच्या स्वयंनिर्णयाच्या घोषणेनं अर्ध्या जगाच्या आशा पालवल्या होत्या. टिळकांनी विल्सनला पत्र लिहून हिंदुस्थानचा प्रश्न मांडला. उत्तर आलं ते खाजगी सचिवाचं: या प्रश्नाचा विचार योग्य वेळी, योग्य ते अधिकारी करतील. केसरीच्या संपादकाला हा मजकूर वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करायला मला फार आवडतं. सरकारी भाषेचा अर्थ लावण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोण होता? बियाणं मागणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात निदान मुळा तरी पडत होता.