आर्यनला गाडी लावली

आज आईला घेऊन मंडईत गेले होते. गौरींची पत्री, केवडा, कमळं घ्यायची होती. नेहमीसारखं तिला म्हटलं, "आर्यनला गाडी लावते, तू इथेच थांब." तर ती एकदम म्हणाली, "अगं, आर्यनला आम्ही सिनेमे बघायचो!"

आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी सिनेमागृह. गंगाधरपंत पाठकांनी ते 1915 साली सुरू केलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती! मूकपटांचा तो काळ. 1983 मध्ये ते पाडलं आणि पुढे तिथे वाहनतळ उभा राहिला. वाहनतळाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, पण तोंडात बसलंय ते आर्यनच. पलीकडच्या मिनर्वा वाहनतळाचंही तसंच, तिथेही आधी मिनर्वा सिनेमागृह होतं.

इतकी वर्षं मी हे नाव नुसतं पत्ता म्हणून वापरत आले, याचं आज फार वाईट वाटलं. आत साधी एक पाटी तरी हवी होती, इथे काय होतं ते सांगणारी.

निघताना आई रॅम्पपाशी थांबली. हातात केवड्याची पुडी, नजर वर. "पडदा त्या बाजूला होता बहुतेक," म्हणाली. तिथे दुचाक्यांची रांग होती.