बदली माणूस

आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे, जाजरकोट जिल्ह्यातले. पुण्यात चौदा वर्षं झाली. जिन्याखालची खोली आणि बारा तासांची रात्रपाळी. सगळे त्यांना 'बहादूर' म्हणतात, ते त्यांचं नाव नाही. मी दाजू म्हणते, म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ.

३ नोव्हेंबर २०२३ला, शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमारास जाजरकोटला भूकंप झाला. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली, १५०हून जास्त लोक गेले. सकाळी सहाला मी दूध आणायला खाली उतरले, तर दाजू पार्किंग धूत होते. फरशी आधीच स्वच्छ होती, तरी परत धूत होते. मध्येच खिशातून फोन काढायचा, आईला लावायचा, लागला नाही की पुन्हा पाइप उचलायचा.

"झालं ना धुऊन?" मी विचारलं.

"हात थांबला की घर दिसतं, दीदी."

दुपारी फोन लागला. आई वाचली होती. घर गेलं, चुलतभावाची मुलगी गेली.

ते रजा मागायला आले तेव्हा आमच्या कमिटीचा पहिला प्रश्न होता, "बदली कोण देणार?" त्या कमिटीत मीही होते आणि गप्प बसले. याची मला आजही लाज वाटते. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून हा माणूस परदेशात राहतोय हेच आपण विसरतो.

बदली त्यांच्या माणसांनीच दिली. आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या तिघा गाववाल्यांनी रात्री वाटून घेतल्या. त्यांची आपसात भिशी आहे. त्या महिन्याचा नंबर ज्याचा होता त्याने सगळी रक्कम दाजूंच्या हातात ठेवली. इथले शंभर म्हणजे तिथले एकशे साठ, पण छताचे पत्रे तिथेही महागच. लखनौपर्यंत रेल्वे, मग सीमेवरचं रुपैडिहा, पलीकडे नेपाळगंज आणि तिथून डोंगरातली बस.

महिन्याने परतले, तेव्हापासून रोज संध्याकाळी डोकेदुखीची गोळी मागायचे. दिवसा झोप लागत नव्हती. बीपी तपासून आणलं, ते ठीक निघालं. 'मन' हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही, नेहमी डोकंच. गोळ्या देणं बंद करून मी रोज दहा मिनिटं गेटवर बसायला लागले. ते आईबद्दल, ताडपत्रीखालच्या थंडीबद्दल बोलायचे. 'हे लोक फार काटक' असं कुणी म्हटलं की आता मला राग येतो. त्या तिघांनी रात्री वाटून घेतल्या नसत्या तर हा काटकपणा काय कामाचा होता?

पुढच्या वर्षी घटस्थापनेला त्यांनीही खोलीत सातू पेरले. अंधारात ठेवतात, म्हणून रोपं पिवळी येतात, जमरा म्हणतात त्याला. दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, वडीलधाऱ्यांच्या हातून टीका लावून घ्यायची असते. आई तिकडे. म्हणून ते आमच्या सासूबाईंसमोर येऊन बसले. सासूबाईंनी दही, तांदूळ, कुंकू कालवून कपाळभर लावलं, जमरा कानामागे खोचला. व्हिडिओ कॉलवर आई बघत होत्या. त्या काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"दही कमी पडलं म्हणते. तांदूळ गळतायत."

सासूबाईंनी वाटीत आणखी चमचाभर दही घातलं.