चट्टा दिसला की लगेच कुष्ठरोग नसतो
बिहारमध्ये काळा आजार (कालाजार, वाळूमाशीमुळे होणारा तापाचा आजार) बरा झाल्यावर काही महिन्यांनी नाहीतर वर्षांनी काहींच्या अंगावर फिकट चट्टे येतात, हनुवटीभोवती गाठी पण, आणि बघणारे सरळ महारोग म्हणून मोकळे होतात, माणसाचं ताट वेगळं होतं, फार राग येतो मला याचा! खरं तर तो पीकेडीएल असतो, म्हणजे काळ्या आजारानंतर येणारा त्वचेचा आजार, वाळूमाशी चावून शिरलेल्या लिशमॅनिया परजीवीचा. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापूस फिरवला की कुष्ठरोगात बऱ्याचदा स्पर्शच कळत नाही, कोपराजवळची नस (मज्जातंतू) जाड लागते, पीकेडीएलमध्ये संवेदना शाबूत. पण नुसत्या कापसावर थांबू नका प्लीज, काही प्रकारच्या कुष्ठरोगातही सुरुवातीला स्पर्श कळतो, त्वचेचा नमुना तपासाच. एमडीटीने, म्हणजे कुष्ठरोगाच्या औषधांनी, पीकेडीएल बरा होत नाही, त्याला मिल्टेफोसिन हे औषध लागतं, तेही १२ आठवडे.