हिशेबात जास्त निघालेल्या दोन फाइली

कार्ड माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्यावर ३१ फोटो होते. ज्याचं कार्ड होतं त्या मुलाला त्याआधीचे २१४ हवे होते.

मुलगा वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाचा. सकाळी साडेसहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुरुवात करून बझारगेट रस्त्याने तो बॅलार्ड इस्टेटला पोचला होता. तिथे १९०८ ते १९१४ या काळात उभ्या राहिलेल्या, वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या आराखड्यातल्या इमारती आहेत. त्यांच्या दर्शनी भागांची नोंद करणं हा त्याचा प्रकल्प. तो फुटपाथवर उभा होता. एका खासगी इमारतीचा सुरक्षारक्षक फाटक सोडून बाहेर आला, कॅमेऱ्याचा पट्टा धरला आणि सगळे फोटो पुसायला सांगितले. एकेक पुसायला वेळ लागतोय म्हणून शेवटी कार्डच फॉरमॅट करायला लावलं. मोबाइलवरचे नऊ फोटोही गेले, कचऱ्याच्या फोल्डरातूनसुद्धा.

पुसलेलं परत काढणं हा माझा धंदा. एरवी येतात ती लग्नाची कार्डं, पाण्यात पडलेले पेनड्राइव्ह, हिशेबाच्या हार्डडिस्क. जबरदस्तीने पुसायला लावलेलं कार्ड वर्षाकाठी दोन-चारदा येतं, आणि दर वेळी मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. फोटो काढणं गुन्हा असेल, तर ते फोटो म्हणजे पुरावा, आणि पुरावा नष्ट करणं हाच वेगळा गुन्हा. गुन्हा नसेल, तर हात लावायचा प्रश्नच नाही. म्हणजे 'डिलीट कर' हा हुकूम कुठल्याच बाजूने बसत नाही. पोलिसांना वस्तू जप्त करता येते, पण त्याला पंचनामा लागतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्या कारवाईचं चित्रीकरणही व्हायला हवं. पुसायला लावण्याची तरतूद कुठेच नाही. खासगी रक्षकाकडे तर जप्तीचाही अधिकार नाही. आवाराच्या आत तो 'बाहेर व्हा' म्हणू शकतो. फुटपाथ त्याच्या मालकाचा नसतो. त्याच संहितेच्या कलम ४० खाली सामान्य माणसाला कुणाला पकडता येतं ते त्याच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर किंवा तो फरारी घोषित असेल तर, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. कमानीचा फोटो काढणं यातल्या कशातच येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने इमारतीचा फोटो काढायला आणि छापायलाही मोकळीक दिली आहे.

मात्र बॅलार्ड इस्टेटला लागूनच नौदल गोदी आहे. तिथे १९२३चा शासकीय गुपिते कायदा लागतो, 'प्रतिबंधित जागा' हा शब्द त्यातलाच, आणि तिकडे लेन्स वळवणं ही गंमत नव्हे. चार पावलांच्या अंतरात कायदा बदलतो. विद्यार्थ्यांना बाहेर पाठवण्याआधी हे शिकवायला हवं, आणि ते शिकवलं जात नाही. पण 'प्रतिबंधित' ही यादी कायद्यातली आहे, कुणाच्याही मनातली नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस ठाणंसुद्धा त्या व्याख्येत बसत नाही असं म्हटलं. मग खासगी कचेरीचं फाटक कुठून बसणार?

आता कार्डाकडे.

फॉरमॅट झाल्यावर मुलाने दिवस वाया जाऊ नये म्हणून त्याच कार्डावर आणखी ३१ फोटो काढले. नुकसान झालं ते इथे. पुसल्याने फोटो जात नाही, त्याची नोंद जाते. फाइली मांडण्याच्या फॅट ३२ पद्धतीच्या कार्डावर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे ई५ ही खूण येते. ६४ जीबीच्या कार्डावर असते ती एक्सफॅट पद्धत, तिच्यात नोंदीचा पहिला बाइट ८५ चा ०५ होतो. एवढंच. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट नोंदवही कोरी करतं, माल गोदामात तसाच राहतो. (काही कॅमेऱ्यांत खोलवर फॉरमॅटचा वेगळा पर्याय असतो, तो निवडला की आशा सोडावी.) पण कोऱ्या नोंदवहीवर नवा फोटो काढला की तो गोदामाच्या पहिल्या फळीवर जाऊन बसतो. याच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोची रॉ फाइल (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा) सुमारे २५ एमबी आणि जेपेग (नेहमीची फोटो फाइल) ८ एमबी, मिळून ३३. गुणिले ३१, म्हणजे जवळपास एक जीबी. तेवढ्या भागातले पहाटेचे पहिले ३१ फोटो कायमचे गेले. ते कुणीही परत आणू शकत नाही, जाहिरातीत शंभर टक्के हमी देणारेही नाहीत.

म्हणून पुसलं गेल्यावर पहिलं काम म्हणजे कार्ड बाहेर काढणं. घरच्या संगणकात घालून 'बघू तरी' म्हणू नये. विंडोज कार्ड दिसताच त्यावर स्वतःचं एक फोल्डर लिहून टाकतं, मॅकही लिहितं, आणि कधी 'फॉरमॅट करू का' अशी खिडकी उघडते तिला लोक हो म्हणतात. कार्डाच्या कडेची कुलपाची खिट्टी खाली सरकवावी, पण तिच्यावर विसंबू नये. ती नुसती खूण आहे, मानायची की नाही ते कार्ड वाचणाऱ्या रीडरवर अवलंबून. मी लेखन अडवणारा वेगळा रीडर वापरते.

मग कार्डाची बाइटन् बाइट नक्कल, डीडीरेस्क्यू नावाच्या सॉफ्टवेअरने. सेकंदाला ८० एमबीच्या वेगाने ६४ जीबीला सव्वातेरा मिनिटं लागतात, कार्ड धड असेल तर. नकलेचा शा-२५६ हॅश, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बाइटांवरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून कागदावर लिहायचा, मूळ कार्ड पाकिटात घालून सही-तारखेसह बंद. पुढचं सगळं काम नकलेवर. मुलाला तक्रार करायची होती, म्हणून हे जास्तच काटेकोर केलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, एक उपकरण ज्याच्याकडे आहे त्याचं, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश लिहावा लागतो. नकलेतला एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. हे वाक्य पुढे माझ्याच आड आलं.

नोंदवही कोरी असल्याने नावं मिळत नाहीत. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर चालवायचं, ते फाइलींचं तोंड, म्हणजे सुरुवातीचे ठरलेले बाइट, ओळखून त्या उचलतं. जेपेगचं तोंड एफएफ डी८ एफएफ. याच्या रॉ फाइलचं ४९ ४९ २ए ००. फाइल सलग लिहिलेली असेल तर अख्खी येते, तुकड्यांत असेल तर अर्धा फोटो करडा. कॅमेरे बहुधा सलग लिहितात, म्हणून फोटो येतात आणि लांबलचक व्हिडिओ रडवतात. या कार्डातून त्या सकाळच्याच नव्हे, आधीच्या कित्येक महिन्यांच्या फाइलीही निघाल्या. सहली, वाढदिवस, घरातली माणसं. कार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांना हे माहीत नसतं. मी तारखेने गाळते आणि बाकीच्या उघडत नाही.

मोबाइलचे नऊ फोटो आले नाहीत. आजच्या फोनमध्ये प्रत्येक फाइल वेगळ्या किल्लीने बंद असते, कायमची पुसली की किल्लीच जाते. आधी गूगल फोटोजवर चढलेले असते तर तिथल्या कचऱ्यात ६० दिवस मिळाले असते. त्याने डेटा वाचवायला ते बंद ठेवलं होतं.

गाळून झाल्यावर मी मोजते. २१४ फोटो, म्हणजे ४२८ फाइली. त्यातून ३१ जोड्या, म्हणजे ६२ वजा. बत्तिसाव्याच्या रॉ फाइलचं तोंड नव्या फोटोखाली चिरडलं गेलं होतं, ती एक वजा. उरायला हव्या होत्या ३६५. निघाल्या ३६७.

मोजणी दोनदा केली. मग वेळेप्रमाणे लावून मुलाला पडद्यावर दाखवलं. सात वाजून काही मिनिटांनी, बझारगेट रस्ता, फुटपाथवर मेथीच्या जुड्या लावणारी एक भाजीवाली. एक हात पुढे, दुसऱ्या हाताने पदर तोंडावर.

मुलगा एकदम म्हणाला, "ताई, हा नको. हा मी पुसला होता."

त्याने सांगितलं ते असं. तो पाठीमागच्या लाकडी सज्जाचा फोटो घेत होता, बाई चौकटीत आल्या. त्यांनी हात केला. त्याने आणखी पाच-सहा फोटो घेतले, मग बाईंनी हाक मारली आणि म्हणाल्या, "माझा काढलास ना, तो काढून टाक बाबा." त्याने त्यांच्यासमोर कॅमेऱ्यात मागे जाऊन तो फोटो पुसला, त्यांना रिकामा पडदा दाखवला. मधला फोटो पुसल्याने पडलेली मोकळी जागा कॅमेऱ्याने भरली नाही, तो पुढेच लिहीत गेला. म्हणून तो जसाच्या तसा राहिला.

कायद्याच्या नजरेने बाईंच्या नकाराला फारसा आधार नव्हता. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खासगी कृतीचं चित्रण रोखतं, रस्त्यावर भाजी लावणं त्यात येत नाही. तरी मुलाने ऐकलं. रक्षकाला अधिकार नव्हता, त्याचं त्याला ऐकावं लागलं. आणि माझ्या यंत्राने दोन्ही एकाच चाळणीतून काढले. कार्डावर दोन्हींची खूण सारखीच.

मुलाच्या फोल्डरातून मी त्या दोन फाइली काढल्या, माझ्या कामाच्या डिस्कवरून वरून लिहून पुसल्या. ३६५ त्याच्या हाती दिल्या. पण मूळ नकलेत तो फोटो आहे. तिथून काढला तर हॅश बदलणार, आणि मग समोरचा वकील विचारणार की आणखी काय काय बदललंत. ठेवला, तर एका बाईला दाखवलेला रिकामा पडदा खोटा ठरतो. तक्रार चालली तर ती नक्कल मागवली जाईल, प्रत दुसऱ्या बाजूला जाईल. तिच्यात पदर तोंडावर घेतलेली ती असेल, आणि त्याआधीच्या महिन्यांतली त्याच्या घरची माणसंही.

मुलाने तक्रारीचा कच्चा मसुदा लिहिला आहे, अजून दिलेला नाही. मी त्याला सांगितलं की आधी बझारगेटला जाऊन बाईंना विचार. तो दोनदा जाऊन आला. त्या जागेवर दोन्ही वेळा लिंबू-मिरचीवाला बसला होता. कार्डाचं पाकीट आणि नकलेची डिस्क माझ्या कपाटात आहे, वर हॅश लिहिलेला कागद चिकटवून.